वाचकांचे प्रश्न : अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध आणि त्याची उधारी

उत्तर अमेरिकेतल्या तेरा वसाहती १७७५ ते १७८३ ब्रिटनशी लढल्या आणि स्वतंत्र झाल्या. त्या युद्धाविषयी आणि नंतरच्या पंधरा-वीस वर्षांतल्या राजकीय झगड्यांविषयी वाचकांनी पाठवलेले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. बरेचसे प्रश्न लढायांचे आहेत, पण उत्तरे पुन्हा पुन्हा रसद आणि पैसा यांच्याकडेच वळतात. या युद्धाची खरी ओढाताण तिथेच होती.

प्रश्न : १७७३ च्या कायद्याने चहा स्वस्त होणार होता, असे वाचले. मग बॉस्टनच्या लोकांनी तो समुद्रात का टाकला?

चहा स्वस्त होणार होता, हे खरेच. ईस्ट इंडिया कंपनीला आपला माल लंडनच्या लिलावात न विकता थेट अमेरिकेत पाठवण्याची मुभा मिळाली, त्यामुळे मधले दलाल गळाले. पण वसाहतींत उतरणाऱ्या चहावरचा पौंडामागे ३ पेन्सचा जुना कर तसाच ठेवला होता. स्वस्त चहा लोकांनी घेतला, की ज्या पार्लमेंटात आपला एकही प्रतिनिधी नाही तिचा कर बसवण्याचा हक्कही मान्य केल्यासारखे होणार होते. त्यात चहा विकण्याचा मक्ता ठरावीक अडत्यांना दिलेला. त्यामुळे इतर व्यापारी आणि डच चहा चोरून आणणारेही बिथरले.

१६ डिसेंबर हीच रात्र का, याचे कारण जकातीच्या नियमात आहे. जहाज बंदरात नोंदले गेल्यापासून वीस दिवसांत कर भरला नाही, तर जकात खाते माल जप्त करी. पहिल्या जहाजाची, ‘डार्टमाउथ’ची, मुदत १७ तारखेला संपत होती. जप्त झालेला चहा मागल्या दाराने बाजारात येणार हे उघड होते, आणि कर भरल्याशिवाय जहाज परत जाऊ द्यायला गव्हर्नर हचिन्सन तयार नव्हता. तेव्हा आदल्या रात्री तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून पाण्यात रित्या केल्या गेल्या. तो चहा वजनाने सुमारे ९२ हजार पौंड होता, आणि सगळा चीनमधला. फिलाडेल्फियाहून चहाचे जहाज तसेच परत पाठवले गेले. चार्ल्सटनमध्ये चहा उतरवून तळघरात ठेवला होता, तो पुढे क्रांतिकारकांनी विकून पैसे केले.

प्रश्न : त्या काळची बंदूक मिनिटाला किती वेळा उडे? नेम कसा लागे?

सरावलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. बंदूक चकमकीची आणि ठासणीची. ब्रिटिश बंदुकीच्या नळीचा व्यास पाऊण इंच आणि वजन सुमारे दहा पौंड होते.

बार भरण्याची रीत अशी. घोडा अर्धा ओढून कानाजवळच्या पेल्याचे झाकण उघडायचे. कागदी काडतूस दातांनी फाडून चिमूटभर दारू पेल्यात टाकायची, म्हणजे रंजक भरायची, आणि झाकण मिटायचे. बंदूक उभी धरून उरलेली दारू नळीत ओतायची, मागोमाग गोळी आणि कागद. मग गजाने ठासून गज जागेवर ठेवायचा, घोडा पूर्ण ओढायचा, बंदूक रोखायची आणि चाप ओढायचा. घाईत गज काढायला विसरला, तर तोही गोळीबरोबर उडून जाई आणि शिपाई उरल्या लढाईपुरता भालाईत होई.

चुका बहुधा तीन ठिकाणी होत. गारगोटीची धार बोथट झाली की ठिणगी पडत नसे. कान, म्हणजे पेल्यातून नळीत आग नेणारे भोक, काजळीने बुजला की रंजक भपकन पेटे, पण आतला बार उडत नसे. आणि पावसात दारू सर्दली की सगळेच थंड. नेमाचे म्हणाल, तर गोळी मुद्दाम नळीपेक्षा बारीक, ०.६९ इंचाच्या आसपास असे. काजळी धरलेल्या नळीतही ती चटकन उतरावी म्हणून ही सोय होती, पण त्यामुळे सुटताना ती नळीत आपटत बाहेर पडे. ऐंशी-शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर नेम धरण्यात अर्थ नव्हता. म्हणून खांद्याला खांदा लावून रांगा उभ्या करत आणि एकदम बार काढून संगिनी पुढे करत. रांगेत उभे राहणे हा वेडेपणा होता, असे अनेकांना वाटते. त्या हत्याराचा उपयोग करायचा तर दुसरा मार्ग नव्हता.

सरहद्दीवरच्या शिकाऱ्यांची आटे पाडलेल्या नळीची रायफल दोनशे यार्डांवर माणूस टिपी. पण ती भरायला कितीतरी जास्त वेळ लागे आणि तिला संगीन बसत नसे. त्यामुळे मोकळ्या मैदानात ती एकटी टिकत नव्हती. १७७७ मध्ये सॅराटोगाला मॉर्गनच्या रायफलवाल्यांनी नाव काढले, तेही साध्या बंदुकांच्या पलटणींच्या जोडीने.

प्रश्न : व्हॅली फोर्जच्या छावणीत किती सैनिक थंडीने गारठून मेले?

गारठून मेलेले थोडे. १९ डिसेंबर १७७७ ते १९ जून १७७८ या सहा महिन्यांत अमेरिकन सेनापती वॉशिंग्टनच्या या हिवाळी तळावर दोन हजारांच्या आसपास माणसे गेली, ती मुख्यतः विषमज्वर, हगवण आणि फ्लूने. त्यातले बहुतेक मृत्यू मार्च ते मे या महिन्यांतले, म्हणजे थंडी ओसरल्यावरचे आहेत. तो हिवाळाही फार कडक नव्हता. खरा कडाका १७७९-८० मध्ये मॉरिसटाउनला पडला.

व्हॅली फोर्जला गाडी अडली ती पुरवठ्यात. शिधा खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यांना खरेदीवर दलाली मिळे. काँग्रेसने, म्हणजे तेरा राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेने, १७७७ च्या उन्हाळ्यात ती बंद करून पगार लावला आणि हिशेबाचे नियम इतके किचकट केले, की मुख्य पुरवठा अधिकारी जोसेफ ट्रंबुल राजीनामा देऊन गेला. वाहतूक पाहणारा मिफ्लिनही पद सोडून बसला. पीठ होते, गुरे होती, पण गाड्या, घोडे आणि त्यांना लागणारे रोख पैसे नव्हते. वीस मैलांवर फिलाडेल्फियात ब्रिटिश सोन्याचांदीने किंमत मोजत होते, तेव्हा शेतकरी माल कुठे नेणार? २३ डिसेंबरला वॉशिंग्टनने काँग्रेसला कळवले, की पायात जोडे आणि अंगावर धड कपडे नसल्यामुळे २,८९८ माणसे कामाला निरुपयोगी आहेत. पीठ पाण्यात कालवून निखाऱ्यावर भाजलेली चानकी हेच कित्येक दिवस जेवण होते.

झोपड्यांचे माप हुकमातच ठरवून दिले होते. १४ फूट बाय १६ फूट, भिंती साडेसहा फूट, एकीत बारा माणसे. दाटी, खिडकी नाही, त्यात उवा. रोगराईला आणखी काय हवे? फेब्रुवारीत आलेल्या श्टॉयबेन या प्रशियन अधिकाऱ्याची आठवण कवायतीसाठी काढतात. त्याने शंभरेक माणसांची नमुना तुकडी शिकवली आणि तिच्यामार्फत साऱ्या सैन्याला एकच कवायत लावली, हे मोठे कामच होते. पण शौचकूप स्वयंपाकाच्या जागेपासून दूर, छावणीच्या विरुद्ध अंगाला हवेत, ही त्याची शिस्त आम्हांला तितकीच मोलाची वाटते. मार्चमध्ये नाथानेल ग्रीनने वाहतूक हाती घेतली, एप्रिलमध्ये वॉड्सवर्थने शिध्याचे खाते दलालीच्या बोलीवर घेतले आणि गाड्या पुन्हा चालू लागल्या.

प्रश्न : देवीची लस १७९६ नंतरची. मग वॉशिंग्टनने १७७७ मध्ये सैन्याला काय टोचले?

खऱ्या देवीचाच पू. दंडावर बारीक छेद घेऊन त्यात देवी आलेल्या माणसाच्या फोडातला पू भरत. येणारा आजार बहुधा सौम्य असे. शंभरात एक-दोन माणसे दगावत, तर देवीची साथ शंभरात पंधरा ते तीस बळी घेई. धोका दुसरा होता. टोचलेला माणूस बरा होईपर्यंत इतरांना देवी देऊ शकतो. म्हणून सगळ्यांना वेगळे ठेवणे भाग होते, आणि त्या काळात ते लढायला निकामी. शत्रूला सुगावा लागला असता तर अनर्थच होता. १७७५-७६ च्या क्वेबेक मोहिमेत देवीने सैन्य पोखरले होते, सेनापती जॉन थॉमसही तिनेच गेला. तेव्हा फेब्रुवारी १७७७ मध्ये वॉशिंग्टनने जोखीम पत्करली आणि तुकड्या पाळीपाळीने, गुप्तपणे टोचून घेतल्या. नव्या भरतीची टोचणी छावणीत येण्याआधीच होऊ लागली. युद्धातल्या त्याच्या कुठल्याही डावपेचापेक्षा हा निर्णय आम्ही वरचा मानतो.

प्रश्न : काँग्रेसच्या कागदी डॉलरची किंमत इतकी का घसरली? नोटा जास्त छापल्या, एवढेच कारण का?

जास्त छापल्या हे खरे, पण छापण्याखेरीज काँग्रेसच्या हाती काय होते? तिला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. जून १७७५ मध्ये पहिले २० लाख डॉलर निघाले. नोटेवर लिहिलेले असे, की धारकाला इतके स्पॅनिश चांदीचे डॉलर मिळतील. राज्यांनी कर बसवून त्या नोटा गोळा कराव्यात आणि परत पाठवाव्यात, अशी योजना होती. राज्यांनी कर पुरेसे लावले नाहीत आणि वर स्वतःच्या नोटा छापल्या. नोटा परत येत नव्हत्या, सैन्य तर रोज खात होते, म्हणून आणखी छपाई. सप्टेंबर १७७९ मध्ये काँग्रेसने स्वतःला २० कोटींची मर्यादा घातली, आणि वर्ष संपेपर्यंत तीही गाठली.

बनावट नोटांनी घाव आणखी खोल केला. ब्रिटिशांच्या ताब्यातल्या न्यूयॉर्कमधून खोट्या नोटा पसरवल्या जात. १७७७ आणि १७७८ मधल्या दोन छपाया इतक्या बाटल्या, की त्या पूर्णच मागे घ्याव्या लागल्या. खरे तर नोटांच्या पाठीवर झाडाच्या खऱ्या पानाचा ठसा असे. ही फ्रँकलिनची युक्ती. पानाच्या शिरा हाताने हुबेहूब कोरणे जवळजवळ अशक्य होते, पण बाजारात नोट घेणारा शिरा मोजत बसत नव्हता.

न्यू इंग्लंडच्या राज्यांनी १७७७ मध्ये भाव बांधून दिले, तर माल दुकानांतून नाहीसा झाला. नोट नाकारणाऱ्याला देशद्रोही ठरवणारे कायदे झाले, तेव्हा ऋणकोंनी स्वस्त नोटांत जुनी कर्जे फेडली आणि सावकार बुडाले. मार्च १७८० मध्ये काँग्रेसने स्वतःच ४० कागदी डॉलर म्हणजे १ चांदीचा डॉलर असा दर मान्य केला. वर्षभरात नोट चालेनाशी झाली. १ जानेवारी १७८१ ला पेनसिल्व्हेनियाच्या पलटणींनी बंड केले, ते पगार, कपडे आणि भरतीच्या मुदतीवरून. शत्रूला मिळायला मात्र त्यांनी साफ नकार दिला आणि फितवायला आलेले ब्रिटिश हेर पकडून दिले.

प्रश्न : यॉर्कटाउनचा विजय मुळात फ्रेंचांचा नव्हता का?

फ्रेंचांशिवाय तो झाला नसता, असे निःशंक म्हणता येते. चेसापीक उपसागराच्या तोंडाशी ५ सप्टेंबर १७८१ ला फ्रेंच द ग्रासच्या २४ युद्धनौकांनी ब्रिटिश ग्रेव्हजच्या १९ नौकांना परतवले आणि यॉर्कटाउनला असलेला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस याचा समुद्रमार्ग तुटला. दोन आरमारे भिडलेली असताना दुसरा फ्रेंच आरमारी अधिकारी द बारास दुसरीकडून वेढ्याच्या जड तोफा घेऊन आत शिरला. जमिनीवरून न्यूयॉर्कजवळचे सैन्य दक्षिणेला निघाले, ते न्यूयॉर्कवरच हल्ला करणार असा देखावा करत. न्यू जर्सीत पाव भाजायच्या भट्ट्यासुद्धा बांधल्या होत्या. फिलाडेल्फियात सैनिक अडून बसले, नाण्यांत महिन्याचा पगार द्या. काँग्रेसचा खजिना पाहणाऱ्या रॉबर्ट मॉरिसने तो फ्रेंच सेनापती रोशांबोकडून हातउसने घेऊन दिला.

वेढा शास्त्रशुद्ध होता. ६ ऑक्टोबरच्या पावसाळी रात्री सुमारे दीड हजार माणसांनी ब्रिटिश तटबंदीला समांतर पहिला खंदक खणला. फांद्यांच्या टोपल्या मातीने भरून आडोसा केला. ९ तारखेला तोफांचा मारा सुरू झाला. ११ च्या रात्री निम्म्या अंतरावर दुसरा खंदक, पण नदीकडच्या टोकाला ९ आणि १० क्रमांकाचे दमदमे, म्हणजे मातीच्या छोट्या गढ्या, आडवे आले. १४ च्या रात्री फ्रेंचांनी नववा घेतला आणि अलेक्झांडर हॅमिल्टनच्या माणसांनी दहावा. हॅमिल्टनच्या लोकांच्या बंदुका मुद्दाम रिकाम्या होत्या, चुकून बार होऊन शत्रू सावध होऊ नये म्हणून. सगळे काम संगिनीचे. १६ च्या रात्री कॉर्नवॉलिसने नदी ओलांडून निसटायचा प्रयत्न केला, वादळाने होड्या उधळल्या. १९ ऑक्टोबरला सात हजारांवर माणसांनी शस्त्रे ठेवली. हाच कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात हरिपंत फडके यांच्या मराठी फौजेबरोबर टिपूविरुद्ध उभा होता.

प्रश्न : स्वातंत्र्याच्या या लढ्यात काळे गुलाम कोणाच्या बाजूने होते?

जिथे सुटका दिसली तिथे. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर डन्मोर याने बंडखोर मालकांचे जे गुलाम ब्रिटिशांकडून लढतील त्यांना मुक्त करण्याचे जाहीर केले, आणि युद्धभर हजारो पळून तिकडे गेले. अमेरिकेच्या बाजूने सुमारे पाच हजार काळे लढले. ऱ्होड आयलंडने १७७८ मध्ये गुलामांना मुक्तीच्या बोलीवर भरती केले. युद्ध संपल्यावर न्यूयॉर्क सोडताना ब्रिटिशांनी जवळजवळ तीन हजार काळ्यांची नावनिशीवार नोंदवही केली. त्यांतले बरेचजण नोव्हा स्कोशियाला गेले. तिथे चांगली जमीन मिळाली नाही, म्हणून १७९२ मध्ये सुमारे बाराशे लोक आफ्रिकेत सिएरा लिओनला निघून गेले. नव्या राज्यघटनेने मात्र प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब धरला. मत गुलामाला नव्हते, त्याच्या नावावर वजन वाढले ते मालकांच्या राज्याचे. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याशेजारी हे कलम ठेवून वाचावे.

प्रश्न : पहिली घटना बदलून १७८७ मध्ये दुसरी का करावी लागली?

१७८१ मध्ये अमलात आलेल्या पहिल्या करारनाम्यात प्रत्येक राज्याला एक मत होते, महत्त्वाच्या गोष्टीला तेरांपैकी नऊ राज्ये लागत आणि दुरुस्तीला तेराही. कर नाही, जकात नाही, राज्यांकडे फक्त मागणी करायची. आयात मालावर ५ टक्के जकात बसवू द्या, एवढी विनंती एकदा एकट्या ऱ्होड आयलंडने आणि दुसऱ्यांदा न्यूयॉर्कने हाणून पाडली.

मॅसॅच्युसेट्सने आपले युद्धकर्ज लवकर फेडायचे ठरवले आणि कर नाण्यांत मागितला. पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांकडे नाणे नव्हते. गुरे आणि जमिनी जप्त होऊ लागल्या. ऑगस्ट १७८६ मध्ये त्यांनी नॉर्दम्प्टनचे न्यायालय बसूच दिले नाही. जप्तीचा हुकूम निघण्याची जागाच बंद करायची, ही त्यांची तऱ्हा होती. डॅनियल शेजसारखे त्यांचे पुढारी याच युद्धात लढलेले होते. २५ जानेवारी १७८७ ला ते स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले, तोफा झाल्या आणि चारजण पडले. केंद्राकडे फौज पाठवायला पैसा नव्हता. बंड मोडणाऱ्या राज्याच्या फौजेसाठी बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी पैसे उभे केले. ही धास्ती घेऊनच मे १७८७ मध्ये प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले. ५५ आले, ३९ जणांनी सही केली, ऱ्होड आयलंडने कोणालाच धाडले नाही. मंजुरीही काठावरची होती. मॅसॅच्युसेट्समध्ये १८७ विरुद्ध १६८, व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९, न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७.

प्रश्न : १८०० च्या निवडणुकीत एकाच पक्षाच्या दोघांना सारखी मते कशी पडली?

अध्यक्ष निवडायला राज्यांनी नेमलेला प्रत्येक निर्वाचक दोन मते देई, पण अध्यक्षासाठी कोणते आणि उपाध्यक्षासाठी कोणते हे लिहायची सोय नव्हती. पहिला तो अध्यक्ष, दुसरा तो उपाध्यक्ष. पक्ष नसतील असे धरून ही रीत आखली होती. पक्ष झाल्यावर एका निर्वाचकाने आपले दुसरे मत मुद्दाम वाया घालवणे गरजेचे झाले. फेडरलिस्टांनी, म्हणजे अ‍ॅडम्सच्या पक्षाने, ते केले, एक मत जॉन जे याला दिले, त्यामुळे अ‍ॅडम्सला ६५ आणि पिंकनीला ६४ पडली. जेफर्सनच्या पक्षात ते कोणीच केले नाही. जेफर्सन ७३, बर ७३. निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला. तिथे दर राज्याला एक मत, सोळा राज्ये, विजयाला नऊ हवीत. ३५ फेऱ्या अडून राहिल्या आणि १७ फेब्रुवारी १८०१ ला ३६ व्या फेरीत जेफर्सन निवडून आला. १८०४ मध्ये बाराव्या दुरुस्तीने दोन पदांची मते वेगळी केली.

प्रश्न : ज्या शिपायांनी लढाई केली त्यांचे थकलेले पगार शेवटी मिळाले का?

बहुतेकांना नाहीत. पगाराऐवजी त्यांच्या हाती रोखे दिले होते. घरी जायला पैसे हवेत, बी-बियाणे हवे, म्हणून ते दर्शनी किमतीच्या पाचव्या हिश्शाला, कधी त्याहूनही कमीत सटोडियांना विकले गेले. जानेवारी १७९० मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टनने सुचवले, की रोखा आज ज्याच्या हाती आहे त्याला पूर्ण किंमत मानून नवे रोखे द्यावेत. प्रतिनिधिगृहात मॅडिसनने मूळ शिपायालाही वाटा देण्याची सूचना आणली, ती १३ विरुद्ध ३६ मतांनी पडली. हॅमिल्टनचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. विकलेल्या रोख्याचा हक्क मागाहून मोडला, तर पुढे सरकारला कर्ज कोण देणार? देशाची पत त्यामुळे बसली, हे मान्य. तरीही मॅडिसनची सूचना न्यायाच्या अधिक जवळ होती, असे आम्हांला वाटते.

या कर्जाचे व्याज भागवायला १७९१ मध्ये व्हिस्कीवर कर आला. डोंगरापलीकडच्या पेनसिल्व्हेनियात धान्य खेचरावर लादून बाजारात नेणे परवडत नसे, म्हणून लोक त्याची दारू गाळून नेत. कर रोख मागितला जाई आणि छोट्या भट्टीवाल्याला तो तुलनेने जड पडे. १७९४ मध्ये त्यांनी बंड केले, तर वॉशिंग्टनने सुमारे १३ हजार फौज जमवली. देशद्रोहासाठी दोघेच दोषी ठरले आणि त्यांनाही माफी मिळाली. १८०२ मध्ये तो कर रद्द झाला.

शिपायांसाठी पहिला मोठा कायदा १८१८ मध्ये झाला. राष्ट्रीय सैन्यात किमान नऊ महिने चाकरी केलेल्या आणि हलाखीत असलेल्या साध्या सैनिकाला महिना ८ डॉलर, अधिकाऱ्याला २० डॉलर. अर्ज अपेक्षेपेक्षा फारच जास्त आले, म्हणून १८२० मध्ये प्रत्येकाने आपल्या मालमत्तेची यादी शपथेवर न्यायालयात द्यावी, असे ठरले. त्या याद्या आजही वाचायला मिळतात. एखादी गाय, एक-दोन खुर्च्या, मोडकी किटली, काही चमचे, आणि खाली सही येत नसलेल्या म्हाताऱ्याने केलेली फुली.